ट्रकचे मागचे टायर चाळीस हजारांतच संपतात, कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

कंपनीचं शेवटी बोलू. तुम्ही लिहिलंय की सहा दहाचाकी गाड्या आहेत, नाशिकहून कसारा उतरून न्हावाशेवा आणि समृद्धीने नागपूर अशा चालतात, मागचे टायर चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटरमध्ये गोटा होतात किंवा त्याआधीच फुटतात. आता कंपनी बदलावी, नायट्रोजन भरावा की फुटलेल्या टायरचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापावेत, असं विचारताय. मी कराडचा. वडिलांच्या दोन गाड्या होत्या, आज भावाच्या आणि माझ्या मिळून अकरा आहेत, पुणे–बेंगळुरू पट्ट्यात. या तिन्ही गोष्टी आम्ही करून बसलोय. पहिल्या दोन्हींनी फरक पडला नाही, तिसरीने उलट नुकसान झालं.

आधी एक काम करा. भंगारवाला येण्याआधी काढलेले सगळे टायर यार्डात ओळीने मांडा आणि प्रत्येकावर खडूने लिहा: कुठल्या गाडीचा, कुठल्या जागेवरचा, आणि मागे एक्सलच्या प्रत्येक टोकाला दोन टायरची जोडी असते त्यातला आतला की बाहेरचा. आम्ही एका रविवारी असे सतरा टायर मांडले. त्यातले अकरा जोडीतले आतले निघाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरच्या टायरला सगळे बघतात, लाथ मारतात, हातोडीने ठोकतात. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही, म्हणून त्याची हवा महिनोन्‌महिने कुणी मोजलेलीच नसते.

जोडीतल्या एकात हवा कमी झाली की त्याचा भार गुपचूप दुसऱ्यावर जातो. २०१८ साली केंद्राने एक्सलवरचा परवानगीचा भार वाढवला, तेव्हा चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ ऐवजी साडेअकरा टन मिळाले. म्हणजे कायद्यात राहूनसुद्धा टायरमागे २,८७५ किलो, पूर्वी २,५५० होते. तुमच्या गाडीला मागे जोड एक्सल, म्हणजे एकामागे एक दोन एक्सल आहेत, तिथला आकडा थोडा खाली येतो, पण वाढ तिथेही झालीच. आपण मात्र हवा वडिलांच्या जमान्यातल्या आकड्यानेच भरतो. टायरच्या कडेवर एकेरी आणि जोडीत किती भार चालतो आणि त्याला किती हवा लागते, ते कोरलेलं असतं. पंक्चरवाल्याच्या अंदाजापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

जोडीत नवा आणि जुना टायर एकत्र घालत असाल तर तेही थांबवा. दोघांच्या व्यासात पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर फरक असेल तर घेरात एकोणीस मिलिमीटरचा फरक पडतो. दहा-वीसचा (१०.००-२० मापाचा) टायर किलोमीटरला साधारण तीनशे फेरे घेतो. दोन्ही एकाच हबला नटांनी बांधलेले, त्यामुळे वेगवेगळे फिरू शकत नाहीत. कागदावर हिशेब केला तर दर किलोमीटरला साडेपाच मीटरच्या वर फरपट होते. पाव इंच ही शेवटची मर्यादा समजा. आणि रोज संध्याकाळी दोघांच्या मधे खडा अडकलाय का, तेही बघायला सांगा.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरची, आणि गेजने. ठोकून येणाऱ्या आवाजावरून टायर पार बसलाय एवढंच कळतं, दाब ११० पाउंड आहे की ८५ हे कळत नाही. आमच्या एका ड्रायव्हरला सवय होती, दुपारी ढाब्यावर टायर तापला की ‘हवा जास्त झाली’ म्हणून थोडी सोडायची. तापल्यावर दहा-पंधरा पाउंड वाढणारच. ती सोडली की रात्री टायर थंड झाल्यावर तेवढीच कमी भरते, आणि कमी हवेचा टायर कड मुडपत धावतो, आणखी तापतो. समृद्धीवर शेकडो किलोमीटर न थांबता गाडी चालते, तिथे ही गरमी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. शहरात रडतखडत चाललेला टायर तिथे फुटतो, आणि नाव मात्र काँक्रीटचं होतं.

स्टील रेडियलबाबत एक गोष्ट ड्रायव्हरच्या मनावर बिंबवा. ठरलेल्या दाबाच्या वीस टक्के खाली धावलेला टायर पंक्चरच धरायचा. नुसती हवा भरून पुढे जायचं नाही, उतरवून आतून बघायचा. कडेतल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात आणि हवा भरताना कड चेन उघडल्यासारखी फाटते. ट्यूब, फ्लॅप आणि रिंगवाली डिस्क (टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक) असेल तर धोका दुहेरी. हायवेवरच्या एका दुकानात रिंग नीट न बसवता पोराने हवा भरायला घेतली होती. रिंग सुटून पत्र्याच्या छपरातून आरपार गेली. पोरगं चहा आणायला वळलं होतं म्हणून वाचलं. त्या दिवसापासून आम्ही लोखंडी पिंजरा बनवून घेतला, हवा त्यातच भरतो.

आता यार्डात मांडलेल्या टायरांकडे परत. मधोमध घासलेला टायर म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा घासलेल्या म्हणजे कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, पण फक्त पुढचं करून थांबू नका, दहाचाकीत मागचा एक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडचे बुश गेले की एक्सल तिरका चालतो आणि आठही टायर खातो. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखं झालं असेल तर शॉकअप किंवा बेअरिंग बघा. टायरच्या बीडजवळ, म्हणजे डिस्कवर घट्ट बसणाऱ्या आतल्या काठाजवळ, रबर जळून कडक झालं असेल तर तो टायरचा दोष नाही, कसारा ब्रेकवर उतरल्याचा आहे. ड्रमची गरमी डिस्कमधून तिथवर जाते. गिअरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा) उतरायला सांगा. नटाखालून गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर नट ढिला आहे. चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे, आमच्याकडे यावर वाद चालत नाही.

नायट्रोजनचं थोडक्यात: साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. त्या पैशांत चांगला गेज आणि आतल्या टायरसाठी एक्स्टेंशन व्हॉल्व्ह घ्या.

रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवण्याला, नाक मुरडू नका. एस.टी. महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरण प्रकल्प आहेत, विमानाच्या टायरवरसुद्धा पुन्हा रबर चढतं. फक्त टायर वेळेवर उतरवा. कायदा १.६ मिलिमीटरला थांबवतो, पण आम्ही तीन-चार मिलिमीटर उरले की काढतो, म्हणजे खालची केसिंग (टायरचा सांगाडा) शाबूत राहते. पुढच्या एक्सलला मात्र रिमोल्ड नाही. तिथे मी कुणाचं ऐकत नाही.

ड्रायव्हरचा पगार कापू नका. आम्ही दोन महिने कापला. परिणाम असा की पंक्चरची बातमी येणंच बंद झालं. हवा उतरलेल्या जोडीवर गाडी तशीच रेटायची आणि घरी आणून ‘आत्ताच बसला’ सांगायचं. आता प्रत्येक टायरला नंबर कोरलाय, एका वहीत बसवल्याची तारीख, जागा आणि किलोमीटर लिहितो, दर सोमवारी सकाळी एकच माणूस सगळ्यांची हवा मोजतो. ज्याच्या गाडीचे टायर ठरल्यापेक्षा जास्त चालतात, त्याला दिवाळीत वेगळं पाकीट. कापून जेवढे वाचले असते त्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कंपनी कुठली, हे ती वहीच सांगेल. टायरची किंमत अधिक रिमोल्डचा खर्च, त्यातून भंगाराचे पैसे वजा, भागिले एकूण किलोमीटर. वर्षभर लिहिल्यावर आमच्या रस्त्यावर महागडा टायर पुढे परवडला आणि मागे नाही परवडला. तुमच्या घाटात उलटंही निघेल.

आणि सोमवारी मोजताना दहावर थांबू नका. अकरावी स्टेपनी असते. आमची एकदा हुबळीच्या अलीकडे रात्री दोन वाजता काढली, तर तिच्यात वीस पाउंड हवा होती.