आजोबा ७१ च्या लढाईत होते, पण घरी कधी बोलले नाहीत. त्यांच्याबद्दल काय लिहावं?

वर्षश्राद्धाला आजोबांवर छोटी पुस्तिका काढायचीय, आजी आहेत, पण लढाईचं घरात कुणालाच धड ठाऊक नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गेले तेव्हा आमचंही हेच झालं होतं, म्हणून सांगतो.

आधी त्यांची पेटी उघडा. ७१ ला, म्हणजे बांगलादेशच्या लढाईत, पूर्वेकडे होते त्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल असेल तर त्यावरून आघाडी कळत नाही, ते त्या वेळी नोकरीत असलेल्या सरसकट सगळ्यांना होतं. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, भिंग घ्या. मग डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. त्यात पलटण सापडली की अर्धं काम झालं. माणूस बोलला नसला तरी पलटणीचा इतिहास लिहिलेला असतो.

आमचे तात्या फर्स्ट मराठाचे, म्हणजे जंगी पलटणीचे. ही पलटण ७१ च्या डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. कमांडिंग ऑफिसर होते कुलदीप सिंग ब्रार. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण मोर्चे बांधून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी त्यांना शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर त्यांच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. वर, पेन सोडा आणि स्टेनगन हातात घेऊन या, असं सुनावलं. १० डिसेंबरच्या रात्री बलुची टांगाईलच्या रस्त्याने निसटायला निघाले, आणि त्याच रस्त्यावर मराठे दबा धरून होते. ११ ला जमालपूर पडलं.

आता यातलं तात्यांनी आम्हाला काय सांगितलं? दोन गोष्टी. ब्रह्मपुत्रेचं पाणी हाडं गोठवणारं होतं, आणि सकाळी शरण आलेल्यांतला एक पोरगा एकाच पायात बूट घालून रांगेत उभा होता. बस. त्या रात्री त्यांनी स्वतः काय केलं, किती गोळ्या झाडल्या, हे ते बोलले नाहीत. पुस्तिकेत माझ्या चुलतभावाला 'शत्रूला कंठस्नान घातले' वगैरे लिहायचं होतं. मी हट्टाने ते काढायला लावलं. पलटणीचं आहे ते पलटणीच्या नावावर लिहावं, आणि माणसाने जेवढं सांगितलं तेवढंच त्याच्या तोंडी घालावं. गावच्या फ्लेक्सवर काय व्हायचं ते होतंच, घरच्या पुस्तिकेत तरी नको.

बाकीचं मात्र आजींना विचारा. बाप्ये मंडळींना विचाराल तर सगळे पोस्टिंगची नावं सांगतील, लेह, सिक्कीम, बेळगाव. आमच्या आजीकडे पत्र्याच्या डब्यात तात्यांची इनलँड पत्रं निघाली, वर पत्ता एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा. लढाईची बातमी ती किराणा दुकानातल्या रेडिओवर ऐकायची. दुकानदार तिला बघून आवाज मोठा करायचा, याचाच तिला राग यायचा. लढाई संपल्यावरचं पहिलं पत्र संक्रांतीच्या आसपास आलं. त्यात 'मी खुशाल आहे' ही एक ओळ आणि पुढे सगळा मजकूर खोंडाचा. पवाराला खोंड विकू नकोस, तो भाव पाडून मागेल, मी रजेवर आल्यावर बघतो. आजीने तोवर खोंड विकला होता. पवारालाच. हे पत्र आम्ही पुस्तिकेत जसंच्या तसं छापलं, आणि लोकांनी वाचलं ते तेवढंच.

तात्या हवालदार म्हणून पेन्शनवर आले, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो, तसे तेही मेजर झाले. पुढे बँकेत गार्ड. स्वतः दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, पण फौजी कॅन्टीनचा दारूचा कोटा न चुकता उचलायचे. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे भाऊबंद अचानक वाढायचे. नातवंडांची दप्तरं रोज सकाळी तपासायचे, पेन्सिलीला टोक नसेल तर शाळेला उशीर झाला तरी चालेल, टोक करूनच जायचं. आम्हाला तेव्हा त्यांचा वैताग यायचा. हेही लिहा. नुसता देवमाणूस लिहिलात तर ओळखीचे हसतील.

आणि डिस्चार्ज बुक फक्त लढाईसाठी चाळू नका. फौजेत लग्न झालं, मूल झालं की कळवावं लागतं, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघते, म्हणून कुटुंबाची नोंदही त्यात असते. माझ्या वडिलांचा शाळेतला जन्म १ जूनचा, अर्ध्या गावासारखा. खरी तारीख ऑक्टोबरातली, ती तात्यांच्या बुकात निघाली.

त्याच पानावर तुमच्या आजींचं नाव कसं लिहिलंय तेही बघा. आमच्याकडे बुकात 'कोंडाबाई' आणि आधारवर 'कोंडूबाई' होतं, आणि त्या एका अक्षरापायी फॅमिली पेन्शन अडून बसली होती. तुमच्याकडेही तसा फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पुढे रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कचेरीशी, पत्रव्यवहार कसा करायचा ते सांगतात. पुस्तिका महिनाभर लांबली तरी चालेल, हे आधी उरका.