उत्तर: माळ्यावरची रिळं लॅबला द्यायच्या आधी

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडी पडली. आजोबांच्या माळ्यावर पत्र्याचे डबे, आत ‘चलती का नाम गाड़ी’ची १६ मिमीची प्रिंट, डबा उघडताच आंबट वास, आणि प्रश्न एकच: रिस्टोर करून सगळ्यांना दाखवायचाय, कुठे देऊ? २०१९मध्ये मीही हेच विचारत फिरत होतो. सिनेमाही हाच, गावही हेच, आपलं इंदूर. माझे काका गणेशोत्सवात रामबागेत चादर बांधून सिनेमे दाखवायचे, त्यांच्या अटाळ्यात चार रिळं निघाली.

आधीच सांगतो, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. लॅबवाला नाही, वकील तर नाहीच. वास येणारी रिळं बाकीच्यांपासून दूर ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची नाहीत, आणि ‘एकदा प्रोजेक्टरवर चालवून बघू’ हा मोह आवरायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच असं धरून पुढे जातो.

माझी चूक अशी. परगावच्या एका लॅबला (नाव विचारू नका, सांगणार नाही) मी रिळं दिली, पैसे आगाऊ दिले आणि कागदावर एवढंच लिहून घेतलं: ‘डिजिटल करून देणे’. डिजिटल म्हणजे काय ते त्यांनी ठरवलं. चार महिन्यांनी एक पेन ड्राइव्ह आला. चित्र लख्ख, एक ओरखडा नाही. मी खूश! घरी सगळ्यांना बसवून लावला.

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. ती पेटी वाजवते. ‘हाल कैसा है जनाब का’ सुरू झालं तशी सवयीने सूर धरायला गेली आणि थांबली. म्हणाली, पट्टी चढलीय, पण पुढच्या पट्टीतही बसत नाहीये, दोन स्वरांच्या मध्येच लोंबकळतेय. मी म्हटलं, तुझी पेटी उतरली असेल. शिवाय सिनेमा सहा-सात मिनिटांनी कमी भरत होता. मला वाटलं काकांच्या रिळातला एखादा तुकडा गहाळ झाला असेल, म्हणून दोन रविवार माळा उपसला. तुकडा-बिकडा काही नव्हता. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने धावतो, लॅबने तो टीव्हीसारखा २५ने पळवला होता. चार टक्के वेग वाढला, त्याबरोबर सूरही वर गेला, पण पेटीवरच्या पुढच्या पट्टीपर्यंत न पोचता मध्येच अडकला. आईची माफी मागितली.

हे तरी भाच्याने संगणकावर वेग उतरवून दुरुस्त केलं. पुढचं दुरुस्त होण्यातलं नव्हतं. १६ मिमीची चौकट जवळजवळ चौकोनी, ४:३ची. आजचा टीव्ही भरावा म्हणून त्यांनी वरून आणि खालून छाटून ती लांबट केली. चरित्रपट असता तर कदाचित चाललं असतं. पण विनोदी सिनेमा माणसाच्या अख्ख्या अंगात असतो हो! किशोरकुमार पायांनी विनोद करतो, आणि पाय छाटलेले. तिघे भाऊ एका चौकटीत उभे राहिले की उंच माणसाची टाळू गायब. हसू येण्याच्या जागा येत होत्या, हसू येत नव्हतं, आणि का ते कळायला मला तीन वेळा बघावं लागलं.

त्यात ओरखडे पुसणारं सॉफ्टवेअर. ते एका फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये नाहीसं होणारं सगळं कचरा समजतं. पावसाचा थेंबही तसाच असतो ना! मधुबाला रात्री भिजून गॅरेजमध्ये येते, आणि माझ्या फाइलीत पाऊस जवळजवळ थांबलेला. बाई नळाखाली भिजून आल्यासारखी.

मी लॅबला फोन केला: मला सुधारलेलं नको, मूळ कच्चा स्कॅन द्या. उत्तर आलं, “तो आम्ही महिन्याभरात उडवतो, जागा कुठे आहे?” पुन्हा स्कॅन करा म्हटलं तर म्हणाले, रीळ आक्रसलंय, आता मशीनवर बसत नाही, आणि तुमच्या कागदावर कच्च्या स्कॅनचा उल्लेख नाही. तिसरं वाक्य खरं होतं, तेच जास्त लागलं. व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटेटची, म्हणजे फिल्मच्या प्लॅस्टिकची, पट्टी स्वतःच्याच आम्लात कुजत असते, आणि आम्ल वाढेल तसं कुजणं आणखी वाढतं. ते थांबत नाही. माझ्या बाबतीत एकच संधी होती, ती गेली.

म्हणून तुम्ही कागदावर लिहून घ्या: पूर्ण चौकट, २४ फ्रेम, कुठलीही सफाई न केलेला कच्चा स्कॅन हार्ड डिस्कवर, आवाज वेगळ्या फाइलीत, आणि तुम्ही लेखी होकार देईपर्यंत त्यांच्याकडची प्रत पुसायची नाही. अर्धे पैसे ते बघितल्यावर. सफाई नंतर कधीही, कुणाकडूनही करता येते. माझं मत विचाराल तर थोडे ओरखडे राहू द्या. आवाजातली खरखर तर अगदीच कमी काढा, नाहीतर गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं.

मध्येच एक: रीळ तुटलेलं असेल तर जोडताना फ्रेम कापू देऊ नका. १६ मिमीत त्या चित्राचा आवाज २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, त्यामुळे कापता एकीकडे आणि गाणं उडी मारतं सेकंदभर अलीकडे-पलीकडे.

खर्च करण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (१९६४पासूनचं, आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडे विचारणा करा. १६ मिमीची प्रिंट म्हणजे नकलेची नक्कल. याहून चांगली प्रत कुठे असेल तर तुमची घरची आठवण म्हणून जपा आणि पैसे वाचवा.

दाखवण्याबद्दल, पुन्हा सांगतो, वकिलाला विचारा. मला समजलंय ते असं: सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९५८च्या सिनेमाचा २०१८अखेर संपला. पण गाण्यांचे शब्द आणि चाल यांचा हिशेब कर्त्याच्या मृत्यूपासून ६० वर्षांचा. संगीतकार सचिनदेव बर्मन १९७५ साली गेले, गीतकार मजरूह सुलतानपुरी २००० साली. आमच्या भाच्याने एक प्रसंग यूट्यूबवर टाकला, मागे गाणं होतं, तासाभरात गाण्याच्या हक्काचा दावा आला. मी तर म्हणतो, यूट्यूबचा नाद सोडा आणि परवानगीचं विचारून एखाद्या छोट्या सभागृहात दाखवा. ‘पाँच रुपैया बारा आना’ला इथे जी दाद मिळते ती दुसरीकडे मिळणार नाही. किशोरकुमार ख्रिश्चन कॉलेजात होता तेव्हाची कॅन्टीनची उधारी तेवढीच होती, असं अख्खं इंदूर सांगतं.

आणि वास जावा म्हणून डबे गच्चीवर उन्हात ठेवू नका. मी ठेवले होते, मे महिन्यात.