आईकडून येणारा डीएनए आणि मेंदूचे आजार : तुमचे प्रश्न

आईला अडुसष्टाव्या वर्षी पार्किन्सन निघाला. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो असं वाचलं, मग मला आणि माझ्या मुलीला पण होणार का? (जुळे सोलापूर)

ताई, तसं नाहीये, आणि हे आधी आईंना सांगा, कारण असलं काही कानावर पडलं की म्हातारी माणसं स्वतःलाच दोष देत बसतात, ओपीडीत नेहमी बघतो मी. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली एनर्जी बनवणारी छोटी यंत्रं, त्यांचा डीएनए आईकडून येतो हे खरंय. छोटासाच असतो, 16,569 अक्षरं, 37 जीन्स, पण पेशीची एनर्जी बनवणारे 13 प्रोटीन त्यातूनच बनतात. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के आणि एनर्जी खातो 20 टक्के, त्यामुळं तिथं बिघाड झाला की मेंदूला लगेच जाणवतं.

पण पार्किन्सनमध्ये यातले जे बिघाड सापडतात ते बहुतेक आईकडून आलेलेच नसतात, त्या माणसाच्या पेशींत वयाबरोबर साठत गेलेले असतात. 2006 साली दोन टीमनी मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा भागातल्या (पार्किन्सनमध्ये इथल्याच पेशी मरतात) एकेक पेशी सुट्या करून तपासल्या, तर या डीएनएचे मोठमोठे तुकडे गळालेले दिसले, पार्किन्सनवाल्यांत दिसले तसे आजार नसलेल्या वयस्कर माणसांतही दिसले. तुकडे गळाले म्हणून पेशी मेल्या की पेशी आजारी होत्या म्हणून गळाले, यावर अजून वाद आहे, मला तरी दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात असंच वाटतं.

आमच्यात मामाभाचीची लग्नं होतात. त्यानं हे आजार वाढतात का? (अशोक चौक)

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएपुरतं विचाराल तर नाही, बापाचा हा डीएनए पोरांत येतच नाही, मग तो मामा असो नाहीतर परका. मात्र मायटोकॉन्ड्रियाला लागणारे हजारभर प्रोटीन केंद्रकातल्या डीएनएवरून बनतात, तो आईबाप दोघांकडून येतो आणि नात्यातल्या लग्नाचा धोका तिथं आहे. पार्किन आणि पिंक1 ही दोन जीन्स खराब मायटोकॉन्ड्रिया साफ करायचं काम करतात, त्यातल्या एकाच जीनची खराब कॉपी दोन्हीकडून आली तर ऐन तरुणपणी पार्किन्सन होऊ शकतो. चाळिशीच्या आत हातपाय कडक व्हायला लागले, थरथर सुरू झाली, तर घरातलं लग्न नात्यातलं आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका.

भावाला 28व्या वर्षी मेंदूचा झटका (स्ट्रोक) आला, फिट्सही येतात. आईला शुगर आहे, मावशीला कमी ऐकू येतं. याचा काही संबंध? (बार्शी)

असू शकतो, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका कागदावर आजी, आई, मामा, मावश्या, त्यांची पोरं अशी सगळी मांडा आणि प्रत्येकापुढं शुगर, बहिरेपणा, फिट्स, बुटकेपणा, तरुणपणी झटका, जे असेल ते लिहा. आईच्याच बाजूला हे सगळं दिसलं तर मेलास नावाच्या, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या बिघाडानं होणाऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. बहुतेक वेळा त्यात 3243 नंबरचं एक अक्षर बदललेलं असतं, 1990 सालापासून हे माहितीये. एमआरआयवर दिसणारा डाग मेंदूच्या एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाही, ही त्याची मोठी खूण.

एकाच आईची पोरं, मग कुणाला झटका आणि कुणाला नुसती शुगर असं का? एका पेशीत या डीएनएच्या शेकडो-हजारो कॉपी असतात. शेडमधले चार माग बंद पडले तरी चादरींची ऑर्डर निघते, पण निम्म्याच्या वर बंद पडले की निघत नाही, तसंच इथं खराब कॉपी साधारण 60 ते 90 टक्क्यांवर गेल्या की आजार दिसायला लागतो.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. रक्तातलं खराब कॉपींचं प्रमाण वयाबरोबर कमी होत जातं, म्हणून रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली तरी लघवीतल्या पेशींवर टेस्ट करून घ्या. दुसरं, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर या आजाराची शंका न्यूरोलॉजिस्टना आजच सांगा, काहींना त्यानं लिव्हरचा मोठा त्रास होतो, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, फिट्स एकदम वाढतील. शुगरच्या मेटफॉर्मिनबद्दल आणि जेन्टामायसिनसारख्या इंजेक्शनबद्दलही आधी विचारा.

मेडिकलमध्ये कोक्यू टेनच्या कॅप्सूल मिळतात, पार्किन्सनला घेऊ का?

नको. कोक्यू टेन हा मायटोकॉन्ड्रियाला एनर्जी बनवायला लागणारा पदार्थ, म्हणून अमेरिकेत पार्किन्सनच्या 600 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, दिवसाला 2400 मिलिग्रॅमपर्यंत देऊनही फायदा दिसला नाही, 2014 साली रिझल्ट आला. कोक्यू टेन मुळातच कमी बनवणारा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात मात्र ते खरंच औषध आहे. बाकीच्यांनी तो पैसा चांगल्या फिजिओथेरपीवर घालवावा.