फायलींची पिशवी आणि जुना थर्मास

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. साखर, थायरॉइड, आणि दिवाळीपासून इन्सुलिनही सुरू झालंय. आम्ही पाचोऱ्याचे, डॉक्टर जळगावला. सकाळच्या गाडीनं पोचावं, तर तिथे कळतं की रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. सासूबाईंचं चहा-खारी झालेलं. रिपोर्ट संध्याकाळी, तोवर डॉक्टर ऑपरेशनला. मेडिकलवाला म्हणतो, दोन गोळ्या आहेत, तिसरी उद्या मागवतो. या सगळ्यात माझा एकच विरंगुळा. स्टेशनच्या वाटेवर जुन्या सामानाचं दुकान आहे, रिपोर्ट येईपर्यंत मी तिथे घुसते. परवा रुंद तोंडाचा थर्मास दीडशे रुपयांना आणला. सासूबाई म्हणाल्या, "काय भंगार लयनी व माय!" यजमान विचारतात, दवाखान्यात जातेस की बाजाराला? माझं काही चुकतं का? आणि हे हेलपाटे कमी कसे करू?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : आधी थर्मासचं बोलते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. (वयानं लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते.)

त्यात उकळतं पाणी भर, झाकण घट्ट लाव आणि अर्ध्या तासानं बाहेरून हात लाव. पत्रा गरम लागला तर आतली निर्वात पोकळी गेली, थर्मास डाळ-तांदूळ ठेवायला घे. आतून काचेचा असेल तर आधी कानाशी धरून हलव. खुळखुळलं तर काच फुटलेली. दुकानात हे करायला लाजू नकोस. जुन्या सामानाचा दुकानदार पारखून घेणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडत नाही, उलट पुढच्या वेळी चांगला माल काढून ठेवतो. आत कोंदट वास असेल तर खायचा सोडा आणि कोमट पाणी घालून रात्रभर राहू दे.

आता तो घेऊन करायचं काय? न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही आणि मागच्या भिंतीला चिकटवूनही नाही, कारण एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. चालू केलेलं इन्सुलिनचं पेन साधारण ३० अंशांच्या आत चारेक आठवडे चालतं, नक्की मुदत खोक्यातल्या पत्रकावर असते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा कपाटातसुद्धा ३० अंश कुठून आणणार? त्यात गाडीचा डबा, आणि पिशवी खिडकीच्या उन्हात. तुझा थर्मास इथे कामी येतो. तळाशी बर्फ, त्यावर जाड फडकं, वर बंद डबीत पेन. बर्फाला पेन टेकता कामा नये, एवढं सांभाळ. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी पेन हाताला लावून दाखव, भंगाराचं काय ते त्याच बोलतील.

यजमानांचं म्हणशील तर मी वॉर्डात नोकरी करताना बाहेरच्या बाकांवरची माणसं रोज पाहिली. पुरुष मंडळी वाट बघताना चहा, तंबाखू आणि राजकारण यांत दुपार घालवायची, त्याला कोणी बाजार म्हटलं नाही. रक्त देणं आणि रिपोर्ट येणं यांमधला वेळ दवाखान्यानं तुला दिलेला नाही, तुझ्याकडून घेतलेला आहे. त्यातला तासभर तू परत घेतलास, तर चुकलं कुठे? सासूबाईंना बसायला जागा आणि जवळ पाण्याची बाटली असली की झालं.

हेलपाट्यांचं मूळ असं की काउंटरवरचा माणूस विचारलं तेवढंच सांगतो. तेव्हा आदल्या दिवशी फोन कर आणि नेमकं विचार : कुठल्या तपासण्या, उपाशी की जेवून, डॉक्टर किती वाजेपर्यंत बसणार. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी जेवूनही चालते. उपाशीपोटीच्या साखरेला निदान आठ तास खाणं बंद. चहाही नाही, साधं पाणी चालतं. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त देऊन घ्यायची का, तेही विचारून ठेव.

आणि हे नीट वाच : उपाशी रक्त द्यायचं त्या सकाळी इन्सुलिन किती आणि केव्हा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. इन्सुलिन टोचून म्हातारीला उपाशी रांगेत बसवायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून पाजायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टरांना हाक मारायची. साखरेची पुडी फायलींच्या पिशवीतच ठेव.

माझं मत विचारशील तर रक्त पाचोऱ्यातच दोन दिवस आधी द्या आणि रिपोर्ट घेऊन जळगावला जा. पाचोऱ्यातली कुठली लॅब चालेल, ते डॉक्टरांना विचार; बहुतेक हो म्हणतात.

चिठ्ठीवरचं नाव मेडिकलवाल्यालाही लागत नसेल तर डॉक्टरांसमोरच म्हण, "साहेब, मोठ्या अक्षरात लिहा." औषधाचं मूळ नाव (कंपनीनं ठेवलेलं नव्हे) वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या नियमात २०१६ पासून आहे. मूळ नाव हाती असलं की जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, विचारता येतं. थायरॉइडच्या गोळीची कंपनी मात्र दर महिन्याला बदलू नकोस. बदललीच तर डॉक्टरांना सांग.

सासूबाईंचं वय सत्तरच्या वर, म्हणजे आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं ‘वय वंदना’ कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही. पण ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, तेव्हा मेडिकलवर दाखवून भांडू नकोस.

प्रश्न : वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ओळखीत एकांकडे वापरलेला वॉकर, कमोडची खुर्ची आणि साखर मोजायचं मशीन स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : वॉकर आणि खुर्ची डोळे झाकून नाही, पण खुशाल घ्या. वॉकरच्या चारही पायांचे रबरी बूट बदला, थोड्या पैशांचं काम आहे. झिजलेल्या बुटावर फरशीत पाय सटकला तर दुसरा खुबा जाईल. वडिलांना हात खाली सोडून ताठ उभं करा, वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. तशी उंची लागत नसेल तर फुकट मिळाला तरी नको. खुर्ची साबणानं घासा, ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसा, दिवसभर उन्हात टाका. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

मशीन घेतलंत तरी बोटाला टोचायचं पेन मात्र नवीनच घ्या. दुसऱ्याच्या पेनातून रक्तावाटे कावीळ येऊ शकते. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा, आणि त्या मशीनच्या पट्ट्या शहाद्यात मिळतात का ते पैसे देण्याआधी विचारा. बंद झालेल्या मॉडेलचं मशीन स्वस्त मिळतं ते त्याचसाठी.