ताटावरून लाजवू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. मुलांनी मांस सोडावं म्हणून वर्गात तू कत्तलखान्याची चित्रफीत दाखवलीस, एका मुलीनं घरी जाऊन आईला ‘खुनी’ म्हटलं, आणि आता पालक तुझ्यावर चिडलेत. तू विचारतेस, खरं दाखवलं तर बिघडलं कुठे? अगं, आठ वर्षांच्या पोरीच्या हाती तू तिच्या आईविरुद्धचा पुरावा दिलास! तिनं त्याचं करायचं काय? त्याच आईनं वाढल्याशिवाय तिचं पोट भरत नाही.

मुलाला त्याच्या ताटाची लाज वाटेल असं काहीही शिकवायचं नाही. एवढं एक धर, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

मुलांना रांधू दे. कडधान्य भिजवू दे, मोड आलेले बघू दे, स्वतः केलेलं चाखू दे. आणि आहाराचं खरं सांग, अर्धवट नको. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध-अंडीही सोडणाऱ्यांनी ते गोळ्यांतून किंवा ब-१२ मिसळलेल्या अन्नातून घ्यायलाच हवं. अंगावर पाजणाऱ्या आईला ते कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. वनस्पतींतलं लोह नीट अंगी लागायला सोबतच्या क जीवनसत्त्वाची मदत होते. हे बोललं की मांस सोडा म्हणणाऱ्या आपली बाजू लंगडी पडते असं आपल्यातल्याच काहींना वाटतं. मला त्याचा संताप येतो. पोरांच्या तब्येतीपेक्षा यांना वादातली जीत प्यारी!

चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी तुला मांस सोडण्यावर बोलू दिलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्यांचाच ग्रंथ त्यांच्यापुढे नाचवायला गेली होतीस. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळं दिली आहेत, हे खरं. पण नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, मांसाची मुभा आहे, आणि तेही त्यांना पाठ आहे. १८०९ साली इंग्लंडमध्ये सॅलफर्डला विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकानं बायबल ख्रिश्चन चर्च नावाचा पंथ काढला. मांस सोडण्याची गोष्ट त्यानं स्वतःच्या व्यासपीठावरून, आपल्याच माणसांना सांगितली. पुढे १८४७ मध्ये शाकाहाराचा प्रसार करणारी व्हेजिटेरियन सोसायटी उभी राहिली तेव्हा त्याच मंडळीतली माणसं पुढे होती. आतल्या माणसाचं बोलणं आत पोचतं. असा आतला एक माणूस शोध आणि तू मागे बस. तिथेही कायदा तोच, कुणाच्या ताटाची लाज काढायची नाही.

मला लोक मवाळ म्हणतात. म्हणोत. लाजवून सोडायला लावलेली माणसं चोरून खाताना मी पाहिली आहेत, आणि न लाजवता सोबत जेवलेली माणसं आपणहून सोडतानाही पाहिली आहेत. चित्रफिती दाखवणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो, अजूनही भांडेन.

या आठवड्यात त्या मुलीच्या आईला भेट. तत्त्वज्ञान सांगू नकोस. वर्गात येऊन मुलांना बिनमांसाचं काही रांधायला शिकवाल का, एवढंच विचार. ती नाही म्हणाली तरी ती चित्रफीत पुन्हा लावायची नाही.

तुझा,
सर