सिम्को लेकवर पहिल्यांदा आइस फिशिंगला जाताय? ट्राउट सोडा, पर्च धरा

तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला गेल्या वर्षी आलात, मूळ रत्नागिरीकडचे, फेब्रुवारीत बाबा भारतातून येतायत, दोन मुलं आहेत आणि फॅमिली डेच्या, म्हणजे इथल्या फेब्रुवारीतल्या सरकारी सुट्टीत, सगळ्यांना घेऊन लेक सिम्कोवर बर्फातली फिशिंग करायची, जमलं तर मोठा लेक ट्राउट मासा काढायचा. वर विचारलंय की सामान विकत घ्यावं की हट (बर्फावर ठेवलेली खोपटी) भाड्याने घ्यावी, बर्फ सेफ असतो का, आणि तो मासा आपल्याला खाववेल का. खाली काहींनी दोन-दोन ओळींत उत्तरं दिलीयेत, मी जरा लांबण लावतो, कारण हिवाळ्यात या लेकवर जाणं आता बऱ्याच वर्षांची सवय आहे.

पहिलं म्हणजे ट्राउटचा नाद सोडा. यूट्यूबवर हातभर लांब मासा धरून उभे असलेले लोक दिसतात, पण तो मासा खोल पाण्यातला, साठ-सत्तर फूट किंवा त्याहून खाली, तिथपर्यंत बर्फावरून लांब जायचं, पाण्याखालचा मासा दाखवणारं सोनार यंत्र लागतं, तासन्‌तास काही होत नाही आणि मुलं अर्ध्या तासात "घरी कधी जायचं" सुरू करतात. शिवाय त्याचं लिमिट अगदी कमी, दिवसाला हाताच्या बोटांवर. याउलट यलो पर्च, हा पिवळा, अंगावर काळसर पट्टे असलेला वीतभर मासा, तो थव्याने फिरतो, थवा खाली आला की दहा मिनिटांत पोरांचे हात थांबत नाहीत. लिमिट स्पोर्ट लायसन्सवर दिवसाला ५० आणि कन्झर्व्हेशन लायसन्सवर २५. स्वस्तातलं कन्झर्व्हेशनच घ्या. ५० पर्च घरी आणून सिंकपाशी उभं राहून साफ करून बघा एकदा, मग कळेल २५ का पुरे असतात.

आता लेक समजून घ्या, कारण इथे सगळं त्यावर आहे. सिम्को साधारण ७२० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरल्यावर जेवढा पसरतो त्याच्या दुप्पट. टोरॉंटोहून उत्तरेला तासाभराचा ड्राइव्ह. पण हा एक लेक नाही, तीन लेक आहेत असं समजा. दक्षिणेला केसविकजवळ कुक्स बे, उथळ, तळाला वनस्पती, हा आधी गोठतो. पश्चिमेला बॅरीला घुसलेला केम्पनफेल्ट बे, अरुंद आणि खोल, लेकचं सगळ्यात खोल पाणी तिथे, ४० मीटरच्या वर. एवढ्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठलेली असते, ती निघून जाईपर्यंत वर बर्फ धरत नाही, म्हणून तो बे उशिरा गोठतो. आणि मधला मोठा उघडा भाग, जॅक्सन्स पॉइंट, जॉर्जायना आयलंड, बीव्हर्टन, तिथे वारा बर्फ धरूच देत नाही, धरलेला फोडतो, मग एखादी शांत कडाक्याची रात्र आली की सगळं एकदम बंद होतं. साधारण जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात वगैरे, पण "साधारण" या शब्दावर इथे कोणी भरवसा ठेवत नाही. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की मधल्या भागात धड बर्फ धरलाच नाही आणि हट भाड्याने देणाऱ्यांचा सीझन जवळजवळ बुडाला. त्यामुळे फॅमिली डे म्हणजे बर्फ असणारच, हे डोक्यातून काढा. बुकिंग करताना बर्फ नसेल तर पैसे परत की दुसरी तारीख, हे आधी विचारून घ्या.

बर्फ सेफ असतो का? तारखेवरून कळत नाही आणि नुसतं बघूनही कळत नाही. भोक पाडून मोजायचा. स्वच्छ, निळसर-काळा दिसणारा बर्फ हा मजबूत. चालण्यासाठी चार इंच पुरे असं लोक सर्रास सांगतात, कॅनडाची रेड क्रॉस १५ सेंटीमीटर सांगते, मी १५ च धरतो, आणि मुलं सोबत असतील तर त्याहून जास्त असेल तरच. पांढरा, दुधासारखा बर्फ म्हणजे त्यात बर्फवृष्टीचं पाणी मिसळून गोठलेलं असतं, त्याची ताकद निम्मी समजायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, पाऊल टाकायचं नाही. वर जाड स्नो पडलेला असेल तर तो पांघरुणासारखं काम करतो, खालचा बर्फ वाढत नाही, आणि लोकांना मात्र वाटतं एवढी थंडी पडलीय म्हणजे बर्फ जाड असणार.

नद्यांची तोंडं टाळा. कुक्स बेच्या दक्षिण टोकाला हॉलंड रिव्हर येते, केसविकच्या बाजूला मास्किनॉन्ज, जॅक्सन्स पॉइंटच्या बाजूला ब्लॅक रिव्हर. वाहतं पाणी खालून बर्फ खात असतं, काठापासून दहा पावलांवर एक फूट आणि पुढे तीन इंच असं होऊ शकतं. उत्तरेला ओरिलियाजवळ जिथे सिम्कोचं पाणी कुचिचिंग लेकमध्ये जातं त्या अॅथर्ली नॅरोजमध्ये तर प्रवाह कायमच असतो, तिकडे बर्फावर फिरकायचं नाही. (उन्हाळ्यात मात्र तिकडे जरूर जा, त्याच अरुंद जागेत स्थानिक आदिवासींनी पाण्यात लाकडी खुंट रोवून मासे अडवण्याचे बांध केले होते, म्न्जिकानिंग फिश वेअर्स, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचे, आज ती राष्ट्रीय ऐतिहासिक जागा आहे. आपल्याकडे खाडीत खुंट ठोकून जाळी लावतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ते लगेच कळेल.)

तिसरी भानगड म्हणजे क्रॅक. एवढ्या मोठ्या लेकवर बर्फ आकसतो-पसरतो, मैलोन्‌मैल लांब भेगा पडतात, कधी दोन पाट्या एकमेकींवर चढून उंचवटे होतात. सकाळी तुम्ही भेग ओलांडून गेलात तेव्हा ती हातभर असते, दुपारी वारा फिरला की तीच दहा फूट उघडं पाणी होऊन बसते आणि तुम्ही पलीकडे. असे अडकलेले लोक दर एक-दोन वर्षांनी बातम्यांत येतात. रात्री बर्फ तोफ उडाल्यासारखा आवाज करतो, पोरं घाबरतील, त्यांना आधी सांगून ठेवा, तो आवाज बहुतेक वेळा बर्फ वाढत असल्याचा असतो.

हे सगळं वाचून घाबरायचं नाही, पण म्हणूनच पहिल्या वेळेला हट भाड्याने घ्या, सामान विकत घेऊ नका. जॉर्जायनाच्या किनाऱ्यावर, इनिसफिलला, बीव्हर्टनला हटवाले भरपूर आहेत, त्यांचा धंदाच बर्फ रोज मोजण्यावर चालतो. ते तुम्हाला किनाऱ्यावरून स्नोमोबिलने किंवा बॉम्बार्डियरने नेऊन सोडतात. बॉम्बार्डियर म्हणजे पट्ट्यांवर चालणारी जुनी गोलाकार खिडक्यांची बर्फगाडी, क्युबेकच्या जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियरने १९३०-४० च्या दशकांत काढलेलं मॉडेल, पुढे विमानं आणि ट्रेन करणारी कंपनी त्याचीच. मुलांना फिशिंगपेक्षा ही राइड जास्त आवडते, खरं सांगतो. हटमध्ये भोकं पाडलेली असतात, प्रोपेनचा हीटर असतो, मिनो (आमिषाचे छोटे मासे) मिळतात, रॉड बहुतेक ठिकाणी वेगळे भाड्याने. विचारायच्या गोष्टी तीन: टॉयलेटची सोय काय, परत न्यायला किती वाजता येणार, आणि मध्येच कोणाला त्रास झाला तर फोन केल्यावर किती वेळात येणार. बाबांच्या वयाचा माणूस बरोबर आहे, हे तिन्ही विचाराच. हीटर चालू असताना हटची हवा यायची फट बोळा घालून बंद करू नका, थंडी वाजते म्हणून लोक करतात, कार्बन मोनॉक्साइड बर्फापेक्षा गुपचूप मारतो.

आणि हटवाला असला तरी प्रत्येक मोठ्या माणसाच्या गळ्यात आइस पिक्स हवेत, दोन मुठी आणि त्यांना खिळे, कॅनेडियन टायर या दुकानात मिळतात, किंमत किरकोळ. पडलंच कोणी तर ज्या बाजूने आलो त्या बाजूला तोंड करायचं, कारण तिकडच्या बर्फाने आत्ताच तुमचं वजन पेललं होतं, खिळे रोवायचे, पाय पोहल्यासारखे मारत पोटावर वर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं.

आता लायसन्स, इथे आपली माणसं हमखास गोंधळतात. तुम्हा दोघांना आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर फिशिंग लायसन्स लागेल, कार्ड तीन वर्षं चालतं. मुलं १८ च्या खालची, त्यांना नको. ६५ च्या वरच्यांना फुकट हे खरं, पण ते कॅनडात राहणाऱ्यांना. बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, ते सत्तरीचे असले तरी त्यांना नॉन-रेसिडेंट लायसन्स काढावं लागतं, बर्फावर तपासणीला ऑफिसर येतात आणि "सिनियर आहेत ना" हे तिथे चालत नाही. बरं, फॅमिली डेच्या वीकेंडला ऑंटारियोत लायसन्सशिवाय फिशिंग असते, पण तीही कॅनडात राहणाऱ्यांसाठीच, आणि त्या दिवशी लिमिट कन्झर्व्हेशनचं. त्याच वीकेंडला गर्दीही मरणाची असते, जमलं तर आधीच्या आठवड्यात सुट्टी काढून मंगळवार-बुधवारी जा. बाकी नियम बदलत राहतात, सिम्को फिशिंगच्या झोन १६ मध्ये येतो, त्या वर्षीची रेग्युलेशन समरी उघडून तेवढं पान वाचून जा.

मासे कसे लागतात ते थोडक्यात. बर्फात माणशी दोन लाइन चालतात, पण तुम्ही एकच धरा. छोटा रॉड, दोन ते चार पाउंडाची पातळ लाइन, बारीक जिग (वजन जडवलेली गरी), त्यावर मिनोचं डोकं किंवा प्लास्टिकचा किडा. तळापर्यंत सोडा, मग वीतभर वर घ्या. दोन-तीनदा हलकं उचला आणि मग गप्प धरून ठेवा, पर्च जवळजवळ नेहमी त्या गप्प वेळात घेतो. थंड पाण्यात तो आळशी असतो, गरीला हिसका बसत नाही, नुसता टोकाला जडपणा जाणवतो, कोकणात खडकावरून गरवलेल्या माणसाला तो पहिला अर्धा तास कळतच नाही. सकाळी उजाडल्यावर दोन तास आणि दुपारी तीननंतर चांगलं चालतं, अंधार पडला की पर्च एकदम बंद. एका भोकात वीस मिनिटं काही नाही तर भोक बदला. हटमध्ये ते जमत नाही, म्हणून हटवाल्याला सकाळीच सांगा की मासा नसेल तर हट बदलून दे. चांगले हटवाले देतात.

उरलेले मिनो आणि बादलीतलं पाणी भोकात ओतायचं नाही. हा उगाच नियम नाही. या लेकमध्ये १९९० च्या दशकात झेब्रा मसल्स (बाहेरचे छोटे शिंपले) आल्या, नंतर राउंड गोबी नावाचा बाहेरचा मासा आला, आणि जे येतं ते परत जात नाही. मुळात ट्राउट का सोडा म्हणालो त्यातही हे आहे. शेतांतून आणि गावांतून येणाऱ्या फॉस्फरसने शेवाळ वाढलं, ते मरून तळाला कुजताना खालचा ऑक्सिजन खातं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी थंड खोल पाण्यातल्या माशांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. ट्राउटची नैसर्गिक पैदास थांबलीच होती, १९६० च्या दशकापासून सरकार हॅचरीतली पिल्लं सोडतंय, त्यांचा एखादा पर कापलेला असतो म्हणून ओळखू येतात. लेक हेरिंग या माशाची फिशिंग तर २००१ ते २०१५ पूर्ण बंद होती. २००८ मध्ये या एका लेकसाठी वेगळा कायदा झाला, आता परिस्थिती सुधारतेय, लेकमध्येच जन्मलेले, सगळे पर शाबूत असलेले ट्राउट पुन्हा दिसू लागलेत. चुकून तुमच्या गरीला असा लागला तर माझं ऐका आणि हळूच परत सोडा. कायदा म्हणून नाही, माझं मत म्हणून.

खाण्याचं. रत्नागिरीकर आहात म्हणजे गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडणार, मीही मुरडायचो, तळ्यातल्या माशाचा तो मातकट वास. हिवाळ्यातल्या पर्चला तो नसतो. पांढरं, घट्ट, किंचित गोड मांस. खवलं मात्र भयंकर चिवट, खवलत बसू नका, दोन्ही बाजूंचे फिले (बिनकाट्याचे मांसाचे तुकडे) काढून घरी कातडी सोलून टाका. पाठीवरच्या पराचे काटे टोचतात, डोक्याकडून मागे हात फिरवत धरायचा. मीठ, हळद, तिखट, आगळाचे दोन थेंब, पंधरा मिनिटं, मग तांदळाचं पीठ आणि रवा, तव्यावर एका बाजूला दोन मिनिटं, फिले पातळ असतात, जास्त ठेवले तर वातड होतात. कालवण करू नका, विरघळतो. कालवणाला व्हाइटफिश चांगला, जरा तेलकट असतो, पण तो लागला तर. मुलांना किती खायला द्यावा याची शंका असेल तर ऑंटारियो सरकारचं मासे खाण्याचं गाइड ऑनलाइन आहे, लेक आणि माशाची लांबी टाकली की महिन्यात किती वेळा खावा ते सांगतं. मोठ्या, म्हाताऱ्या माशात पारा जास्त साठतो, वीतभर पर्च त्या मानाने बिनघोर.

फिले बर्फावरच काढणार असाल तर कातडी पूर्ण सोलू नका, घरी पोचेपर्यंत राहू द्या. कुठला मासा आणि किती, हे रस्त्यात ऑफिसरला ओळखता आलं पाहिजे. आणि बाबांचे पकडलेले मासे वेगळ्या पिशवीत ठेवा, प्रत्येकाचं लिमिट वेगळं मोजतात.