मणके जोडलेत, मग व्यायाम कसा करू?

प्रश्न : कमरेचे दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून जोडले, त्याला दीड महिना झाला. सर्जननी फिजिओथेरपी सुरू करायला सांगितली आहे, पण स्क्रू निसटतील अशी धास्ती वाटते. पडून राहिलेलं बरं नाही का?

उत्तर : अजिबात नाही. स्क्रू तात्पुरता आधार देतात. खरा जोड हाडाचा, आणि तो पक्का व्हायला सहा महिने ते वर्षभर लागू शकतं. तोवर वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं सर्जननी परवानगी दिली असेल तेवढंच. चालणं मात्र रोज, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा.

जोडलेला भाग आम्ही फिजिओथेरपिस्ट हलवत नाही. पोटाचे खोल स्नायू, खुबे, मांड्या यांना कामाला लावतो. अंथरुणातून उठताना खांदे आणि कंबर एकाच वेळी, सोबत वळवून कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, हाताच्या रेट्याने उठा. एवढंच शिकवण्यात माझा पहिला तास जातो, आणि जाऊ दे! सिगारेट, तंबाखू बंदच. निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

व्यायामानंतर स्नायू थोडे ठणकले तर चालेल. पायातला जोर कमी झाला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप येऊन जखम पाझरली, तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच सर्जनकडे जा.